हात सावकाश, वेळ तुटपुंजा. मग स्ट्रॅटेजी गेम कोणता घ्यावा?

पत्राचा सारांश: पस्तिशी ओलांडलेल्या एका वाचकाला पुन्हा रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेम (तळ बांधून, फौज उभारून लढायचे, पाळीपाळीने नव्हे तर सलग चालणारे गेम) खेळायचे आहेत. कॉलेजात त्यांनी जुन्या 'एज ऑफ एम्पायर्स'पायी बऱ्याच रात्री जागवल्या होत्या. मागच्या सेलमध्ये त्यांनी 'कंपनी ऑफ हीरोज ३', 'दे आर बिलियन्स', 'वॉरक्राफ्ट ३: रिफोर्ज्ड' आणि 'सुप्रीम कमांडर: फोर्ज्ड अलायन्स' असे चार गेम घेतले. चारही नावाजलेले, पण एकही धड पुढे गेला नाही. वॉरक्राफ्टमध्ये ऑनलाइन उतरले, तर ओळीने पाच मॅच हरले. लॅपटॉप आठ जीबी रॅमचा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. रात्री पाऊण तास मिळतो, तोही मुलाची हाक आली की तुटतो. मित्र म्हणतो 'स्टारक्राफ्ट २' खेळ. मेहुणा म्हणतो 'एज ऑफ एम्पायर्स २'ची डेफिनिटिव्ह एडिशन (जुन्या गेमची नव्या साजातली आवृत्ती) घे, शनिवारी बरोबर खेळू. यंदा आणखी एकाच गेमवर पैसे खर्च करायचे आहेत. त्यांचा प्रश्न: घेण्यासारखा गेम कोणता, की आता हात सावकाश झाले म्हणून हा नादच सोडून द्यावा?

तुमच्या पत्रात गेमची नावं भरपूर आहेत, लॅपटॉपची माहितीसुद्धा आहे. पण समोर कोण असणार, याबद्दल एक अक्षर नाही. या प्रकारच्या गेममध्ये पैसे देताना आपण मुख्यतः प्रतिस्पर्धी विकत घेत असतो. तो चार तऱ्हांचा असतो: कॅम्पेनमधला, म्हणजे मिशन रचणाऱ्याने आधीच लिहून ठेवलेला शत्रू, स्कर्मिशमधला, म्हणजे कथा नसलेल्या सुट्या लढतीतला कॉम्प्युटर, इंटरनेटवरचा अनोळखी माणूस, आणि ओळखीचा माणूस. गेम एकच असला तरी या चौघांशी चार वेगळे खेळ खेळावे लागतात. कॅम्पेनमध्ये शत्रू बहुतेक वेळा आपली वाट बघत बसलेला असतो. आपण तळ बांधतो, फौज जमवतो, निघतो. ऑनलाइन मॅचमध्ये समोरचा पाचव्या-सहाव्या मिनिटालाच दारात हजर. कॅम्पेन पूर्ण करून ऑनलाइन गेलेला माणूस पहिल्याच आठवड्यात हिरमुसतो तो यामुळे. त्याला खेळता येत असतं, पण दुसरा खेळ.

हे लक्षात ठेवून तुमच्या चार गेमकडे बघू. ते सोडण्याची कारणं तुम्ही समजता त्याहून वेगळी दिसतात.

'कंपनी ऑफ हीरोज ३' तुमच्या लॅपटॉपला झेपणार नाही. त्याच्या किमान गरजेतच वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. यात हाताच्या वेगाचा काही संबंध नाही. नवा लॅपटॉप येईपर्यंत तो विसरा.

'दे आर बिलियन्स'मध्ये वेळेची अडचण नाही, कारण स्पेस दाबून खेळ थांबवता येतो आणि थांबलेल्या अवस्थेतही हुकूम देता येतात. अडचण आहे सेव्हची. गेम बंद करताना तो जागा साठवतो, पण मागच्या सेव्हवर परत जाऊ देत नाही. एक झोंबी एखाद्या तंबूपर्यंत पोचला की आतली माणसंही झोंबी होतात, ती शेजारच्या घरावर जातात, आणि तीन रात्री खपून उभारलेली वसाहत मिनिटाभरात बसते. कॅम्पेन तर त्याचा सगळ्यात कमजोर भाग. ते बाजूला ठेवा आणि सर्व्हायव्हल खेळा: दिवस जास्तीत जास्त, झोंबी कमीत कमी. सुरुवातीच्या रेंजरना (धनुर्धाऱ्यांना) तळाभोवती फिरवून जवळचे झोंबी आधी साफ करा, आणि प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक तरी पहारेकरी कायमचा उभा ठेवा. वसाहत बुडते ती बहुधा मोठ्या लाटेमुळे नव्हे, मागच्या बाजूने गुपचूप आलेल्या एकट्यादुकट्या झोंबीमुळे.

'फोर्ज्ड अलायन्स' हा २००७चा उत्तम गेम आहे, पण सुरुवात करायला अगदी चुकीचा. मूळ 'सुप्रीम कमांडर' पचवलेल्यांसाठी काढलेली ही पुढची पायरी. कॅम्पेनमध्ये मिशन फक्त सहा, पण एकेक लांबलचक: उद्दिष्ट पूर्ण झालं की नकाशा वाढतो आणि नवं उद्दिष्ट समोर येतं. पाऊण तासात एक टप्पाही धड होत नाही. शिवाय इथे पैसा 'साठवून खर्च' अशा पद्धतीचा नाही. मास आणि एनर्जी ही दोन साधनं सतत वाहत येतात आणि बांधकाम चालू असेपर्यंत सतत वाहून जातात. खर्च आवकेपेक्षा जास्त झाला की सगळीच कामं एकदम मंदावतात. नवा माणूस हौसेने चार कारखाने एकदम सुरू करतो आणि मग काहीच का तयार होत नाही म्हणून डोकं धरून बसतो. वर दिसणारे आवक-जावकेचे आकडे बघत एका वेळी एकच मोठं काम घेतलं, तर हा गेम एकदम उलगडतो. पण तो सुट्टीतला गेम आहे, रोजच्या रात्रीचा नाही.

राहिला वॉरक्राफ्ट. २००२ साली आलेल्या गेमच्या ऑनलाइन मॅचमध्ये आज कोण उरलं असणार? वीस वर्षं टिकून राहिलेले लोक. त्यांच्याशी पाच मॅच हरणं ही बातमीच नव्हे. तुम्ही ज्यासाठी हा गेम घ्यायला हवा होता ते, म्हणजे 'रेन ऑफ केऑस' आणि 'फ्रोझन थ्रोन' ही दोन्ही कॅम्पेन, तुमच्याकडे पडून आहेत. मिशन आटोपशीर आहेत, हवं तेव्हा सेव्ह होतात, आणि फौज छोटी असते. फौज छोटी राहावी अशी गेमची रचनाच आहे: ५० फूडपर्यंत (फूड म्हणजे फौजेचा आकार मोजायचं माप) खाणीतून येणारं सोनं पूर्ण मिळतं, ५० ओलांडलं की दर फेरीला दहाऐवजी सात, आणि ८०च्या वर फक्त चार. म्हणजे पन्नासच्या आत राहून हीरो (लढता लढता बळकट होणारे खास योद्धे) नीट वापरणाऱ्याचा फायदा. सावकाश हाताच्या माणसाला यापेक्षा सोयीचं काय हवं?

थोडक्यात, चार गेमपैकी एक लॅपटॉपमुळे बंद पडला, दोन वेळेत आणि पद्धतीत बसले नाहीत, आणि चौथ्यात तुम्ही चुकीचा प्रतिस्पर्धी निवडला. हाताच्या वेगामुळे यातला एकही सुटला नाही.

तरीही वेगाबद्दल बोलायला हवं, कारण तुमच्यासारखं अनेकांना वाटतं. सराईत खेळाडूंचे मिनिटाला दोन-तीनशे क्लिक बघून छाती दडपते, पण त्यातले कितीतरी क्लिक बोटं गरम ठेवण्यापुरते असतात. मधल्या पातळीपर्यंत हार-जीत ठरते ती एका कंटाळवाण्या गोष्टीवर: कामकरी माणसं बनवणं कधी थांबलं का? 'एज ऑफ एम्पायर्स २'मध्ये एक व्हिलेजर ५० अन्न खातो आणि तयार व्हायला २५ सेकंद घेतो. टाऊन सेंटर (व्हिलेजर जिथे तयार होतात ती मुख्य इमारत) दोन मिनिटं रिकामं राहिलं की जवळजवळ पाच व्हिलेजर कमी, आणि ते पाच पुढची अख्खी मॅच कमीच राहतात. लढाई बघत बसलेला नवखा खेळाडू नेमकी हीच दोन मिनिटं घालवतो. दूध गॅसवर ठेवल्यावर जसा एक कान स्वयंपाकघरात असतो, तसं लक्ष टाऊन सेंटरवर ठेवायची सवय लागली, तर मिनिटाला चाळीस क्लिकमध्येही बरीच मजल मारता येते.

ही सवय लावायची साधी पद्धत अशी. 'एज ऑफ एम्पायर्स २'च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये 'एच' दाबलं की टाऊन सेंटर निवडलं जातं, 'क्यू' दाबलं की व्हिलेजर रांगेत लागतो, आणि पूर्णविरामाची कळ रिकामा बसलेला व्हिलेजर शोधून देते. सुरुवातीला या तीनच कळा. मॅच सुरू होते तेव्हा हातात तीन व्हिलेजर, एक स्काउट (टेहळ्या) आणि २०० अन्न असतं. म्हणजे 'एच', मग चार वेळा 'क्यू', अन्न संपलं. पण टाऊन सेंटरमध्ये जागा पाच जणांचीच, आणि चार आधीच आहेत. म्हणून त्याच क्षणी दोन व्हिलेजरना २५ लाकडाचं घर बांधायला लावायचं, नाहीतर पहिला नवा व्हिलेजर बाहेर पडताच बाकीची रांग अडते. पहिले सहा जण मेंढ्यांवर, मेंढ्या टाऊन सेंटरला अगदी चिकटून मारायच्या, आणि एका वेळी एकच. दोन-तीन मारून ठेवल्या तर मांस कुजत जातं. पुढचे तीन-चार लाकडावर. त्यानंतरचा एक रानडुकराला बाण मारून टाऊन सेंटरकडे ओढत आणणार. डुक्कर अंगावर येत असताना तो व्हिलेजर वाटेत थांबला, तर मेला. हे सगळं पहिल्या तीन-चार मिनिटांतलं. रोज एवढंच तीनदा खेळून बंद केलं तरी आठवडाभरात फरक दिसतो.

या एडिशनने हातावरचं ओझंही कमी केलं आहे. शेत संपलं की आपोआप पुन्हा पेरलं जातं, स्काउटला नकाशा शोधायला सोडून देता येतं. एकट्याने खेळताना वेग 'स्लो' किंवा 'कॅज्युअल' ठेवता येतो. ऑनलाइन मॅच १.७ पट वेगाने चालते, स्लो म्हणजे १. हा वेग कमी करण्यात कमीपणा नाही. तो पर्याय मेनूत लोकांनी वापरावा म्हणूनच दिला आहे. संस्कृती निवडताना सुरुवातीला फ्रँक्स घ्या. त्यांना शेतीच्या सुधारणा फुकट मिळतात, घोडदळ मुळातच दणकट असतं, आणि डोक्याला ताप कमी. चिनी मात्र टाळा. त्यांना तीन व्हिलेजर जास्त मिळतात, पण अन्न शून्य, त्यामुळे वर सांगितलेली पहिली पावलं तिथे लागूच पडत नाहीत.

आता मित्राचा आणि मेहुण्याचा वाद. दोघंही बरोबर आहेत, पण त्यांचे सल्ले दोन वेगळ्या प्रश्नांना आहेत.

मित्राचा 'स्टारक्राफ्ट २' तुम्हाला विकत घ्यायचाच नाही. नोव्हेंबर २०१७पासून त्याचं पहिलं कॅम्पेन, 'विंग्ज ऑफ लिबर्टी', फुकट आहे. रँक्ड, म्हणजे क्रमवारीसाठी अनोळखी लोकांशी होणाऱ्या मॅचही फुकट, आणि कोऑपमधले (दोघांनी मिळून खेळायच्या मोडमधले) रेनर, केरिगन, आर्टानिस हे तीन कमांडर पूर्ण फुकट. बाकीचे पाचव्या लेव्हलपर्यंत. गेम २०१०चा असल्यामुळे कमी सेटिंगवर साध्या लॅपटॉपवरही चालतो. आणि शिकवण्याच्या दृष्टीने या कॅम्पेनला तोड नाही. जवळपास प्रत्येक मिशन एक नवा युनिट हातात देतं आणि त्या युनिटचीच गरज पडेल असा नकाशा पुढे टाकतं. तिसरं मिशन, 'झीरो अवर', म्हणजे वीस मिनिटं तळ टिकवायचा. नवख्या माणसासाठी ही चांगली परीक्षा आहे: दोन्ही वाटांवर दोन-दोन बंकर, प्रत्येकात चार मरीन (साधे सैनिक), बंकर दुरुस्त करायला मागे एक-दोन एससीव्ही (कामकरी). बरॅक्स (सैनिक तयार करणारी इमारत) चालू ठेवायला विसरला नाहीत तर 'नॉर्मल'वर तळ पडत नाही. तरी पडला, तर 'कॅज्युअल' आहेच.

त्यात मोजमापही सोपं आहे. खनिजाच्या आठ ढिगांवर सोळा कामकरी, प्रत्येक गॅसवर तीन. तळावर आकडा लिहिलेला दिसतो, १२/१६ असा. तो भरेपर्यंत एससीव्ही बनवत राहायचे. दुसरी नेहमीची चूक म्हणजे सप्लाय डेपो वेळेवर न बांधणं: १०० मिनरल, आठ जणांची जागा. सप्लायचा आकडा अगदी टोकाला येईपर्यंत थांबलात तर डेपो होईस्तोवर बरॅक्स रिकाम्या. पाच-सहा जागा उरल्या की पुढचा डेपो लावा.

मित्राचा सल्ला चुकतो तो एकाच ठिकाणी: तो तुम्हाला रँक्डमध्ये ओढेल. स्टारक्राफ्टची एकास-एक मॅच दहा-बारा मिनिटांत आटोपते, त्यामुळे ती तुमच्या वेळेत बसेल असं वाटतं. पण त्या दहा मिनिटांत एक सेकंदही मान वळवता येत नाही. मुलाने हाक मारली की मॅच गेली. छोटी मॅच आणि तुटणारी मॅच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याकडे पाऊण तास आहे, पण सलग दहा मिनिटांची खात्री नाही. म्हणून तुमच्यासाठी मॅचच्या लांबीपेक्षा पॉज आणि सेव्ह महत्त्वाचे. कोऑपलाही तोच नियम: मोड फार छान आहे, दोघं मिळून कॉम्प्युटरशी लढतात, पण मध्येच उठलात तर जोडीदार लटकतो. घर झोपल्यावर खेळा.

मेहुण्याचा सल्ला मला अधिक पटतो, आणि कारण गेमपेक्षा मेहुणाच आहे. ओळखीचा माणूस दर शनिवारी बरोबर बसायला तयार आहे, यापेक्षा मोठं आमिष कुठल्याच गेममध्ये नसतं. फक्त दोघांनी एकमेकांविरुद्ध खेळू नका. तो मुरलेला दिसतो. महिनाभर सपाटून हरलात की शनिवारी तुम्हाला अचानक कामं निघू लागतील. दोघं एका बाजूला, समोर दोन कॉम्प्युटर. पातळी 'मॉडरेट'पासून सुरू करा, ओळीने दोनदा जिंकलात की 'हार्ड'. या एडिशनचा कॉम्प्युटर चोरून जास्तीचं लाकूड-सोनं घेत नाही, अगदी 'एक्स्ट्रीम'वरसुद्धा. त्यामुळे हरलात तर कुठे मागे पडलात ते मॅचनंतर रेकॉर्डिंग बघून शोधता येतं. आणि मल्टिप्लेअर मॅचही सेव्ह करून पुढच्या शनिवारी तिथूनच उघडता येते. सेव्ह ज्याने मॅच उघडली त्यालाच पुन्हा सुरू करायला सांगा, म्हणजे घोळ होत नाही.

एकट्याच्या रात्रींसाठी त्यातच 'विल्यम वॉलेस' हे सात मिशनचं शिकवणीचं कॅम्पेन आहे, आणि 'आर्ट ऑफ वॉर' नावाची छोटी आव्हानं आहेत. वेळेनुसार कांस्य, रौप्य, सुवर्ण पदकं मिळतात. पहिलं आव्हान फक्त अर्थव्यवस्थेचं आहे. पाऊण तासात ते दोनदा होतं. तुमच्या वेळेला यापेक्षा नेमका बसणारा तुकडा दुसऱ्या गेममध्ये सापडणं कठीण.

घेताना फक्त मूळ गेम घ्या. २०१९मध्ये तो आला तेव्हाच त्यात ३५ संस्कृती होत्या. त्या सगळ्या समजायला वर्षं जातात. 'लॉर्ड्स ऑफ द वेस्ट', 'डायनेस्टीज ऑफ इंडिया' वगैरे डीएलसी (वेगळे पैसे देऊन घ्यायचे जोड भाग) नंतर सवडीने घ्या, आणि त्यातलं कॅम्पेन खेळायचं असेल तरच. मेहुण्याकडे डीएलसी आहे म्हणून तुमच्याकडेही हवी असं नाही. तो त्याच्या संस्कृतीने खेळेल, तुम्ही तुमच्या. फुकट मिळणारा जास्त तपशिलाचा ग्राफिक्स पॅक तर अजिबात उतरवू नका. आठ जीबीच्या लॅपटॉपवर तो जागा खातो, रॅमही खातो, आणि छोट्या पडद्यावर फरक नावालाच दिसतो.

लॅपटॉपबद्दल अजून एक, कारण दुकानाच्या पानावर हे कोणी लिहीत नाही. या प्रकारच्या बहुतेक गेममध्ये मल्टिप्लेअर खेळताना इंटरनेटवरून फक्त हुकूम जातात. शेकडो सैनिकांचा हिशोब प्रत्येक खेळाडूचं मशीन स्वतंत्रपणे करतं, आणि सगळी मशीन एकाच ठोक्यावर चालावी लागतात. म्हणजे एकाचं मशीन रडलं की सगळ्यांचीच मॅच रडते. म्हणूनच 'एज २'ने रँक्डसाठी बेंचमार्क (मशीनचा वेग तपासणारी चाचणी) ठेवला आहे: १००० गुण पडल्याशिवाय आत सोडत नाहीत. हा भार मुख्यतः प्रोसेसरवर येतो, ग्राफिक्सवर कमी. त्यामुळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पण बऱ्या प्रोसेसरच्या लॅपटॉपवर जुने स्ट्रॅटेजी गेम छान चालतात, आणि उलट महागड्या कार्डावरही हजार रणगाड्यांचा गेम अडखळतो. घेतल्या दिवशीच बेंचमार्क चालवा. गुण कमी पडले तर चार्जर लावून, पॉवर सेटिंग बदलून आणि रिझोल्यूशन कमी करून पुन्हा. बॅटरीवर बरेच लॅपटॉप मुद्दाम वेग उतरवतात, आणि दोष गेमला मिळतो.

दुकान स्टीम असेल तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. हे दोन तास मेनू उघडा ठेवून चहाला गेलात तरी मोजले जातात. बहुतेक लोक ते शिकवणीच्या मिशनमध्ये घालवतात, आणि तिथे वीस युनिट असल्यामुळे सगळं लोण्यासारखं चालतं. उलट करा. आधी स्कर्मिश उघडा, मोठा नकाशा, सहा-सात कॉम्प्युटर, वेग सर्वांत जास्त. अर्ध्या तासात फौजा भरल्या की मशीन टिकतं की नाही ते कळतं. मग अक्षरं वाचता येतात का बघा: लहान पडद्यावर इंटरफेसचा आकार वाढवायची सोय आहे का? आणि शेवटी कॅम्पेन उघडून मिशनच्या मध्यात सेव्ह करून बाहेर पडा, पुन्हा आत या. हे तिन्ही जमलं तर ठेवा, नाहीतर लगेच परत.

'नवा आहे' किंवा 'जुन्याचाच नव्या साजात' एवढ्यावरही भरवसा ठेवू नका. २०२० सालचीच दोन उदाहरणं घ्या. जानेवारीत आलेल्या 'वॉरक्राफ्ट ३: रिफोर्ज्ड'मध्ये जुन्या गेममधल्या लॅडर (क्रमवारी) आणि क्लॅन (खेळाडूंचे गट) यांसारख्या गोष्टी सुरुवातीला नव्हत्याच. लोक चिडले, पैसे परत द्यावे लागले, दुरुस्त्या पुढे कित्येक वर्षं चालल्या. जूनमध्ये 'कमांड अँड कॉन्कर रीमास्टर्ड कलेक्शन' आलं. त्यात १९९५चा मूळ गेम आणि १९९६चा 'रेड अलर्ट', तिन्ही विस्तारांसकट, आणि स्पेस दाबली की जुनं चित्र, पुन्हा दाबली की नवं. पहिल्या दिवसापासून ते नीट चालत होतं. तरी त्यातले हार्वेस्टर (साधनसंपत्ती गोळा करणारी वाहनं) आजही जुन्यासारखेच वेड्यावाकड्या वाटेने शत्रूच्या दारात जातात. तो वारसा काळजीपूर्वक जपलेला आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे गेम तपासून झालेले असतात, सेलमध्ये उतरतात आणि हलक्या मशीनवर चालतात. तुमच्यासारख्यांना त्यात तोटा काहीच नाही.

ज्या वाचकांची गरज थोडी वेगळी आहे त्यांच्यासाठी काही शब्द. लाकूड-अन्न गोळा करण्याचाच ज्यांना कंटाळा आहे, त्यांनी २००६चा पहिला 'कंपनी ऑफ हीरोज' घ्यावा. तिथे कामकरी नाहीत. नकाशावरचे भाग ताब्यात घेतले की मनुष्यबळ, दारूगोळा आणि इंधन येतं. सगळा खेळ आडोशाचा: हिरवा ठिपका म्हणजे भक्कम आडोसा, पिवळा म्हणजे जेमतेम, लाल म्हणजे उघड्यावर. तुकडीतला एक जण उरला तरी माघारीचं बटण दाबून तिला वाचवा. पूर्ण नवी तुकडी उभारण्यापेक्षा भर घालणं स्वस्त पडतं, आणि तिचा अनुभवही टिकतो. शांतपणे वस्ती वाढवायला आवडत असेल तर 'नॉर्थगार्ड': नकाशा टापूटापूंत वाटलेला, हिवाळ्यात अन्न आटतं आणि लाकूड जास्त जळतं, त्यामुळे हिवाळ्याआधी किती माणसं वाढवायची हाच खरा पेच. 'एज ऑफ एम्पायर्स ४' जुन्यापेक्षा नव्या माणसाला लवकर समजतो, पण डिस्कवर पन्नासेक जीबी मागतो. पैसेच घालायचे नसतील तर 'झीरो ए.डी.' आणि 'ओपनआरए' पूर्ण मोफत आहेत. 'बियाँड ऑल रीझन'ही मोफत, आणि आठ-आठ जणांच्या महायुद्धाची हौस असेल तर अप्रतिम. पण तिथे पहिल्याच दिवशी सोळा जणांच्या मॅचमध्ये शिरू नका. तुमच्या चुकीची शिक्षा उरलेल्या सात जणांना मिळते, आणि ते तसं बोलूनही दाखवतात.

तुमच्यापुरतं सांगायचं तर या महिन्यात काहीच विकत घेऊ नका. 'विंग्ज ऑफ लिबर्टी' उतरवा आणि पहिली सात-आठ मिशन करा. नाही आवडलं तर हाताशी असलेलं वॉरक्राफ्टचं कॅम्पेन. त्यात रमलात तर पुढच्या सेलमध्ये 'एज ऑफ एम्पायर्स २: डेफिनिटिव्ह एडिशन', फक्त मूळ गेम. मिशन खेळताना तळ उभारण्यापेक्षा लढाईच जास्त आवडते असं जाणवलं, तर त्याऐवजी पहिला 'कंपनी ऑफ हीरोज', आणि मेहुण्यालाही तोच घ्यायला लावा. त्यातही दोघांना मिळून कॉम्प्युटरशी लढता येतं. आणि सात-आठ मिशननंतरही रात्री लॅपटॉप उघडावासाच वाटला नाही, तर नाद खुशाल सोडा. पैसे तरी वाचलेले असतील.